एका गोलाचा हिशेब

मोठ्या पराभवात जी सोय असते, ती लहान पराभवात नसते. आपला संघ पाच-शून्य असा हरला, की माणूस मैदानावरून मुकाट्याने घरी येतो, हातपाय धुतो, पानावर बसतो आणि जेवतो. बोलायला काही उरलेलेच नसते. "ते आपल्यापेक्षा चांगले होते," एवढ्या एका वाक्यात साऱ्या प्रकरणाचा निकाल लागतो. झोपही बरी लागते. पण संघ एका गोलाने हरावा आणि तोही शेवटच्या तीन मिनिटांत, म्हणजे मग पाहा! आमटीत मीठ आहे की नाही ते कळत नाही. घरात कुणी काही विचारले, तर भलतेच उत्तर जाते. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तो चेंडू छताच्या पंख्याभोवती फिरत राहतो. 'त्याने उजवीकडे पास दिला असता तर?' 'तो कॉर्नर हातभर लांब पडला असता तर?' ह्या 'तर'ला अंत नसतो. व्याकरणात आम्ही ह्याला संकेतार्थ म्हणतो. वर्गात तो शिकवू लागलो, की मुलांना जांभया येतात. पण एका गोलाने हरलेल्या संघाच्या चाहत्याला संकेतार्थ शिकवावा लागत नाही. तो दुसऱ्या कोणत्या अर्थाने बोलतच नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. वय पंचेचाळिशीच्या घरात. चष्मा आहे, पोटही थोडे आहे, आणि धावण्याचा सराव सकाळची लोकल पकडण्यापुरता. असल्या माणसाचा फुटबॉलशी संबंध काय, असे कुणालाही वाटेल. संबंध आजोळचा आहे. माझे आजोळ मडगावला. मे महिन्याच्या सुट्टीत मामांच्या बोटाला धरून फातोर्ड्याच्या मैदानावर जायचो. मामा शांत स्वभावाचे, घरात आवाज न चढवणारे; पण तिथे गेले की पायरीवर उभे राहून पंचाला असे काही बोलत, की मी पुन्हा पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाही. फुटबॉलची चटक लागली ती तेव्हा. पुढे ती सुटली नाही आणि मीही ती सोडवण्याची खटपट केली नाही.

आता बिऱ्हाड वसईला, पूर्वेकडच्या एव्हरशाईन सिटीत. नावाचा अर्थ 'सदैव झळाळणारी नगरी' असा होतो. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबले, की ते खरोखर झळाळते. स्टेशनपासून शेअर रिक्षाने यावे, तर दोन्ही हातांना इमारतीच इमारती. आणि त्यांत आमच्यासारखी माणसे, ज्यांचा निम्मा जन्म चर्चगेटच्या गाडीत जातो. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला, वेगळी वसई आहे. तिथे वाड्या आहेत, विहिरी आहेत, चर्चे आहेत, आणि ख्रिस्ती गावांतून फुटबॉल खेळणारी पोरे आहेत. आमच्या महाविद्यालयाच्या संघात दोन्ही वसया एकत्र येतात. पश्चिमेचे पाच-सहा, पूर्वेचे पाच-सहा. ह्या संघाचा मी अधिकृतपणे कोणीही नाही. जिमखाना प्रमुखांना सोबत लागते आणि मला निमित्त लागते, एवढेच.

गेल्या पावसाळ्यात हा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका नामांकित संघाशी खेळला आणि दोन विरुद्ध एक असा हरला. सत्तर मिनिटांचा सामना होता. पहिला गोल आमचा. मध्यंतरानंतर त्यांनी बरोबरी साधली. सदुसष्टावे मिनिट चालू असताना त्यांच्या एका बॅकने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू उंच भिरकावला. आमचा गोलरक्षक पुढे आला. चेंडू चिखलाच्या कडेला, जिथे गवत अजून शाबूत होते तिथे टप्पा घेऊन असा उसळला, की त्याच्या पसरलेल्या हातांवरून गेला आणि आरामात, कुणी पाहुणा दार उघडे पाहून आत यावा तसा, जाळ्यात शिरला. मला अजून आठवते, क्षणभर कुणी ओरडलेच नाही. मग पलीकडून आरोळी उठली.

ह्या सामन्याची चिकित्सा आमच्या सोसायटीच्या बागेतल्या बाकावर पुढे बारा दिवस चालली. रात्री जेवणे आटोपली, की शतपावलीच्या नावाखाली चारपाच मंडळी तिथे जमतात. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक रेल्वेत नोकरीला असलेले, एक औषधांचे दुकान असलेले. आमच्या इमारतीतले एकदोन विद्यार्थी त्याच महाविद्यालयात जातात, म्हणून प्रकरण घरचेच. बँकवाल्यांचे मत पडले, की मुलाचा दृष्टिदोष तपासून घ्यावा. रेल्वेवाले म्हणाले, दृष्टी ठीक आहे, लक्ष नव्हते. हल्ली मुले रात्री दोनदोन वाजेपर्यंत फोन बघतात. औषधवाल्यांना वाटले, की त्याच्या शरीरात जीवनसत्त्व कमी असावे. एकंदरीत मतभेद पुष्कळ होते, पण गुन्हेगाराविषयी एकमत होते. हरलो ते गोलकीपरमुळे.

मौजेची गोष्ट अशी, की ह्यांपैकी एकही गृहस्थ मैदानावर आला नव्हता. त्यांनी पाहिली होती ती फोनवर फिरणारी चौदा सेकंदांची चित्रफीत. कुणीतरी ती काढली आणि कुणीतरी तिच्यावर हसण्याचा आवाज चिकटवला. ती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर येईपर्यंत बहुधा अर्धी वसई हिंडून आली असावी. मी मनाशी हिशेब केला. सत्तर मिनिटांचे सेकंद होतात चार हजार दोनशे. त्यांतले चौदा म्हणजे तीनशेवा भाग. तीनशे पानांच्या कादंबरीचे एकच पान वाचून कुणी परीक्षण लिहू लागला, तर आम्ही मराठीवाले त्याला काय म्हणू? पण सामन्याच्या बाबतीत हे चालते. किंबहुना असेच चालते.

आणि हे आजचे आहे असेही नाही. पराभवाची चिकित्सा हा मराठी माणसाचा जुना व्यासंग आहे. मी वसईत राहतो. ह्याच वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून घेतला. केवढा वेढा, केवढे सुरुंग, केवढी माणसे खर्ची पडली! पण आमच्या बाकावर आजवर एकदाही कुणी 'वसई आपण का जिंकलो?' असा प्रश्न काढलेला मी ऐकला नाही. उलट पानिपत! १४ जानेवारी १७६१ला दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे झुकले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरचे सगळे संकेतार्थात. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर. मल्हारराव निघून गेले नसते तर. सूरजमल जाटाचे ऐकले असते तर. यात्रेकरू आणि बायकामुले बरोबर घेतली नसती तर. अडीच शतके लोटली, तरी ह्या 'तर'ची धार बोथट झालेली नाही. आणि ह्या साऱ्या चर्चेत एका माणसाचे नाव फार क्वचित निघते, ते म्हणजे अहमदशहा अब्दालीचे. समोरचाही सेनापतीच होता, त्यालाही लढाई येत होती, ही गोष्ट आपल्या हिशेबात बसत नाही. आपण हरतो ते आपल्याच कुणाच्या तरी चुकीने, असे म्हणण्यात वरवर नम्रता दिसते. आत मात्र अभिमान लपलेला असतो. चूक झाली नसती तर जिंकणार आपणच, हे त्यात गृहीतच धरलेले असते.

क्रिकेटचे उदाहरण घेतो, म्हणजे ज्यांना फुटबॉलचे वावडे आहे त्यांनाही पटेल. १९९१चा मे महिना, वानखेडे मैदान, रणजी करंडकाचा अंतिम सामना. कपिल देवचा हरयाणा आणि मुंबई. मुंबईला शेवटच्या डावात ३५५ धावा हव्या होत्या. तेंडुलकरने ९६ केल्या. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला. मुंबईचा डाव ३५२वर आटोपला. दोन धावांनी हार! शेवटचा गडी कुरुविला धावचीत झाला आणि दिलीप वेंगसरकर मैदानावरच रडला. ज्यांनी ते पाहिले, त्यांना विचारा. अजून ते त्या एका धावेविषयी बोलतात. ती धाव घ्यायला हवी होती की नको, हाक कुणाची होती, फेक कशी आली. पण धावफलक काढून पाहा. पहिल्या डावात हरयाणाच्या ५२२ होत्या आणि मुंबईच्या ४१०. एकशेबारा धावांची पिछाडी त्याच वेळी पदरात पडली होती. त्या एकशेबारांत अकरा जणांचा वाटा होता, म्हणून त्यांचे कुणाला ओझे वाटत नाही. शेवटच्या दोन धावा एकट्या माणसाच्या नावावर टाकता येतात, म्हणून त्या इतक्या वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी राहतात.

फुटबॉलमध्ये तर ह्याहून जुना दाखला आहे. स्वतंत्र भारताचा संघ १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेला आणि इल्फर्डच्या मैदानावर फ्रान्सशी दोन-एक असा हरला. फ्रान्सचा दुसरा गोल अगदी शेवटी झाला. आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, ही गोष्ट इतकी रंगून सांगितली गेली आहे, की पुष्कळांना वाटते, आपण बुटांवाचून हरलो. वस्तुस्थिती अशी, की त्याच अनवाणी पोरांनी फ्रान्सला घाम फोडला, सारंगपाणी रामनने बरोबरीचा गोल केला, आणि त्या सामन्यात आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. दोन्ही हुकल्या. हुकलेल्या पेनल्टीला बूट काय करणार? पण अनवाणी पायांची गोष्ट ऐकायला गोड आहे, आणि पराभवाच्या चिकित्सेत खऱ्या कारणापेक्षा गोड कारण जास्त दिवस टिकते.

आता आमच्या सामन्याकडे येतो. मला पहिल्यापासून एक खोड आहे. सामना पाहताना मी खिशातल्या वहीत टिपणे करतो. त्यामुळे बाकावरच्या मंडळींपेक्षा माझ्याजवळ कागदोपत्री पुरावा अधिक. त्या वहीप्रमाणे पाहिले, तर सामना सदुसष्टाव्या मिनिटाला हरलेलाच नव्हता. तो हरला थोडाथोडा, सुताराने रंध्याने लाकूड उतरवावे तसा. पहिला गोल झाल्यावर दहाच मिनिटांत आमचा डावीकडचा फॉरवर्ड एकटा पुढे गेला होता. गोलरक्षक मागे पडला होता, समोर रिकामे जाळे होते, आणि पोराने चेंडू आडव्या दांड्यावरून पार रस्त्यावर घालवला. त्याची चित्रफीत कुणी काढली नाही. मध्यंतरानंतर आमच्या मधल्या फळीतले दोघे दमले. जिमखान्याच्या खर्चात बस लवकर निघाली होती आणि मुलांनी सकाळपासून वडापावावर दिवस काढला होता. त्यांनी बरोबरीचा गोल केला तो कॉर्नरवरून. त्या वेळी ज्याने उडी मारायची तो बॅक पंचाशी हुज्जत घालत होता. आणि त्या शेवटच्या गोलाचे म्हणाल, तर तो ज्या क्षणी झाला त्या क्षणी आमचे आठ खेळाडू पलीकडच्या अर्ध्या मैदानावर होते. बरोबरी नको, जिंकायचेच, असे ठरवून सगळे पुढे धावले होते. ते मला चूक वाटत नाही. त्या वयात तसेच खेळावे. पण घर उघडे टाकून सगळे जत्रेला गेले आणि मग चोरी झाली, तर एकट्या राखणदाराला फाशी द्यायची, हा कुठला न्याय? गोलरक्षकापाशी चेंडू पोहोचतो तो आधी दहा जणांना चुकवून. त्या दहांची चूक पुढचा माणूस झाकून नेतो. अकराव्याच्या मागे फक्त जाळे असते.

त्या जाळ्याचा आकारही एकदा डोळ्यांसमोर आणावा. दोन खांबांमधले अंतर चोवीस फूट आणि उंची आठ फूट. म्हणजे एकशेब्याण्णव चौरस फुटांची भिंत एका पोराने दोन हातांनी लिंपायची. त्या दिवशी आमच्या पोराने सहा वेळा ती लिंपली. एकदा तर जमिनीलगत आलेला चेंडू त्याने असा बाजूला लोटला, की पलीकडच्या संघाच्या मार्गदर्शकांनी टाळी वाजवली. माझ्या वहीत त्यापुढे खूण आहे. पण अडवलेला चेंडू मागे काही ठेवून जात नाही. गोल फलकावर लिहिला जातो. न झालेला गोल कुठे लिहायचा?

गोलरक्षकाच्या वाट्याला आलेल्या ह्या अन्यायाची सर्वांत मोठी कथा ब्राझीलची. १९५० साली विश्वचषकाचा शेवटचा सामना रिओच्या माराकाना मैदानावर झाला. प्रेक्षक दोन लाखांच्या आसपास. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. पहिला गोलही त्यांनीच केला. पण उरुग्वेने आधी बरोबरी केली आणि मग ७९व्या मिनिटाला गिज्जाने खांब आणि गोलरक्षक ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून चेंडू आत घातला. दोन-एक. त्या गोलरक्षकाचे नाव मोआसिर बार्बोसा. त्याच्या काळातला तो नाणावलेला गोलरक्षक. पण त्या दुपारनंतर लोकांनी त्याला दुसऱ्या कशासाठी ओळखले नाही. म्हातारपणी तो म्हणे, आमच्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, आणि मी पन्नास वर्षे भोगतो आहे. २००० साली तो गेला. ह्या गोष्टीचा मला राग येतो. दोन लाखांचा जमाव एका दुपारी हळहळला, हे समजते. पण पन्नास वर्षे?

माझ्या स्वतःच्या काळजाला लागलेला पराभव मात्र फातोर्ड्याचा. तारीख २० डिसेंबर २०१५. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, एफ. सी. गोवा विरुद्ध चेन्नईयिन. झिकोसारखा ब्राझीलचा थोर खेळाडू गोव्याचा मार्गदर्शक. मामा आता नाहीत. मी घरीच, दूरदर्शनसंचासमोर. गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचाच मुलगा. त्याने त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या. पहिलीचा चेंडू परत फिरला आणि त्यावर पेलिस्सारीने गोल केला, पण दुसरी, मेंडोझाची, साफ अडवली. हाओकिपने बरोबरी केली. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा दोन-एक असा पुढे गेला. मी उभा राहिलो. सौ. म्हणाली, "अहो, खाली राहणाऱ्यांचा विचार करा." मी खाली बसलो, आणि तेवढ्यात ते घडले. ९०व्या मिनिटाला एक उंच चेंडू आला. कट्टीमणीने गर्दीत उडी मारली, चेंडू हाताने बाहेर लोटायला गेला, आणि तो त्याच्याच हाताला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. दोनच मिनिटांनी मेंडोझाने तिसरा गोल केला. तीन-दोन. करंडक चेन्नईला.

दुसऱ्या दिवशी गाडीत, कचेरीत, फोनवर एकच नाव. दोन पेनल्टी अडवणारा कट्टीमणी कुणाला आठवत नव्हता. पुढे २०१९च्या मार्चमध्ये गोवा पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला, तोही आमच्या जवळ, अंधेरीच्या मैदानावर. ह्या वेळी मी स्वतः गेलो होतो. बंगळुरूशी गाठ. नव्वद मिनिटांत कुणाचाच गोल नाही. ११७व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि राहुल भेके ह्या मुंबईच्या मुलाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. एक-शून्य. परतीच्या विरार गाडीत आम्ही चाहते फार विचित्र अवस्थेत होतो. दोषी शोधावा, तर आपल्यात सापडेना. आणि ज्याने हरवले तो मराठी नावाचा पोर. शेवटी बोरिवलीच्या पुढे एकाने हळूच कबूल केले, "गोल मात्र छान मारला." मला वाटते, त्या गाडीत आमची चिकित्सा पहिल्यांदाच पूर्ण झाली. समोरचाही खेळत असतो, एवढे वाक्य तिच्यात आजवर कमी पडत होते.

आणि कट्टीमणी? तो गोव्याहून हैदराबादच्या संघात गेला. २० मार्च २०२२ला त्याच स्पर्धेचा अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्यालाच झाला, हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स ह्यांच्यात. केरळचा एक गोल झाला. ८८व्या मिनिटाला साहिल तवोरा ह्या गोव्याच्याच मुलाने तो फेडला. जादा वेळेतही एक-एकच. मग पेनल्टींवर निकाल. त्यात कट्टीमणीने तीन अडवल्या आणि हैदराबाद जिंकला. तेच मैदान, तोच माणूस, आणि मधे बरोबर सव्वासहा वर्षे. कादंबरीत असे लिहिले असते, तर आम्ही प्राध्यापकांनी त्याला योगायोगाचा अतिरेक म्हणून गुण कापले असते.

हे सगळे मला आमच्या पोराला सांगायचे होते. तो माझ्याच द्वितीय वर्षाच्या वर्गातला. बाप वालीवच्या एका गाळ्यात कामाला, आई दोन घरी पोळ्या करते. सामन्यानंतर आठ दिवस तो वर्गात दिसला नाही. नवव्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आला. हातात पिशवी.

"सर, जिमखान्याचे सर नाहीयेत. हे किट तुमच्याकडे ठेवू का? परत करायचंय."

पिशवीत हातमोजे होते. मी म्हटले, "बस." आणि फातोर्ड्याची दोन्ही वर्षे त्याला सांगितली. वर्गात शिकवताना एवढे लक्ष देऊन त्याने कधी ऐकले नव्हते. गोष्ट संपल्यावर मला वाटले, तो आता डोळे पुसेल, निदान हसेल तरी. त्याने विचारले,

"सर, आणि मधली सहा वर्षं?"

"मधली सहा वर्षे काय?"

"म्हणजे तेव्हा ते काय करत होते?"

मी म्हटले, "करायचे काय? गोल अडवत होता. काही अडत होते, काही जात होते. रोज सरावाला जात असणार."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग एकदम म्हणाला, "सर, तो चेंडू हातातून सुटला नाही. हातात आलाच नव्हता. मी दाखवू?" आणि त्याने ते हातमोजे काढून हातांत घातले, दोन टेबलांच्या मधल्या जागेत उभा राहिला, आणि माझ्या दाराच्या दिशेने पाहत सांगू लागला. डावीकडे चिखल होता, तिथे चेंडू मरत होता. उजवीकडे गवत होते, तिथे उसळत होता. सामन्याच्या सुरुवातीला दोन चेंडू तसेच उसळलेले त्याने पाहिले होते. "ओल्या मैदानावर असा चेंडू आला ना सर, तर पुढे धावू नये. अर्धं पाऊल मागे राहावं. टप्पा पडू द्यावा. मग दोन्ही हात छातीशी धरून घ्यावा." त्याने ते करून दाखवले. एकदा, दोनदा, तीनदा. शेजारच्या टेबलावरच्या इतिहासाच्या बाई वह्या बाजूला ठेवून बघत राहिल्या.

तो गेल्यावर मी बराच वेळ त्या बोलण्याचा विचार करीत होतो. बारा दिवस आमच्या बाकावर जी चर्चा झाली, तिचा प्रश्न एकच होता: कुणामुळे? ह्या पोराने एकदाही कुणाचे नाव घेतले नाही. रिकाम्या जाळ्यावरून चेंडू घालवणाऱ्या मित्राचे नाही, पुढे धावत गेलेल्या आठांचेही नाही. त्याचा प्रश्न होता: कसे? 'कुणामुळे'चे उत्तर मिळाले, की माणूस त्याच्यावर बोट रोखतो आणि झोपायला जातो. 'कसे'चे उत्तर मिळाले, की दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मैदानावर जावे लागते. म्हणूनच बाकावरची मंडळी पहिला प्रश्न पसंत करतात; आणि त्यात त्यांची फार चूक आहे असेही नाही, कारण त्यांना पहाटे कुठे जायचेच नसते. पण मग निदान त्यांनी इतके करावे: ज्याला जायचे आहे, त्याच्या वाटेत ती चौदा सेकंदांची चित्रफीत टाकू नये.

हातमोजे त्या दिवशी परत झाले नाहीत. जाताना ते त्याच्या हातांतच होते. काढायचे त्याच्या ध्यानात राहिले नसावे. किंवा राहिलेही असेल.

त्या रात्री मी वही घेऊन बाकावर गेलो आणि सत्तर मिनिटांचा सगळा हिशेब मंडळींना वाचून दाखवला. रिकामे जाळे, कॉर्नर, वडापाव, आठ खेळाडू पुढे, सहा वेळा अडवलेले गोल, सगळे. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले. रेल्वेवाल्यांनी फोन काढून ती चित्रफीत पुसून टाकली, हे मी पाहिले. थोड्या वेळाने बँकवाले घसा साफ करून म्हणाले, "सगळे खरे आहे हो प्रोफेसर. पण तो चेंडू जर त्याने धरला असता..."

मी काही बोललो नाही. संकेतार्थ हा काही वाईट अर्थ नव्हे. त्याच्यावाचून चाहत्याचे चालणार नाही, माझेही नाही. फक्त ह्या वर्षापासून वर्गात मी एक फेरफार केला आहे. संकेतार्थ शिकवला, की तास संपवत नाही. त्याला लागूनच विध्यर्थ घेतो: अर्धे पाऊल मागे राहावे, टप्पा पडू द्यावा, मग चेंडू छातीशी घ्यावा. उदाहरण कुणाचे, ते मुलांना सांगत नाही. तिसऱ्या बाकावरचा एकजण मात्र त्या वेळी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत असतो.